जिथे जागा रिकामी, तिथे लाम

२०१७ च्या ७ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर १७ वर्षांखालील विश्वचषकातला जर्मनी विरुद्ध कोस्टारिका हा सामना पाहायला आम्ही मंडळाचे सातआठ जण गेलो होतो. जर्मनीची पोरे २-१ अशी जिंकली. (तीनच दिवसांनी त्याच मैदानावर इराणने त्यांना ४-० असे धुतले, पण तो विषय वेगळा.) मध्यंतरात गप्पा चालल्या असताना कोणाच्या तरी लक्षात आले की ही जोडी आपण याआधीही पाहिलेली आहे. ९ जून २००६, म्युनिक, मोठ्यांच्या विश्वचषकाचा पहिलाच सामना. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते, मृग नुकता लागला होता, आणि लोक टीव्हीसमोर नीट बसतात न बसतात तोच, सहाव्या मिनिटाला, डाव्या हाताला जाड पट्टा बांधलेल्या एका ठेंगण्या पोराने डावीकडून आत येत उजव्या पायाने असा फटका मारला की चेंडू दूरच्या खांबाला लागून जाळ्यात गेला.

तो पोरगा म्हणजे फिलिप लाम. त्या गोलच्या वेळी तो २२ वर्षांचा होता. २० मे २०१७ रोजी, ३३ व्या वर्षी, तो खेळातून निवृत्त झाला. त्याच्यावर काहीतरी लिहायचे हे तेव्हाच ठरले होते. लिहू लिहू म्हणता वर्ष सरत आले.

गोव्यात जर्मनीचे पाठीराखे तसे थोडेच. विश्वचषक आला की आपल्याकडे घरांवर झेंडे लागतात ते ब्राझीलचे, पोर्तुगालचे, हल्ली अर्जेंटिनाचे. आम्ही जर्मनीवाले म्हणजे प्रत्येक वाड्यावर एखाददुसरा, आणि त्यातही लामवाले आणखी कमी. लामचे पोस्टर कोणी खोलीत लावत नाही. तो गोल फारसे करत नसे, केशरचना बदलत नसे, पंचांशी हुज्जत घालत नसे. मग त्याच्यावर एवढे लिहायचे कशाला, असे मंडळातल्या एका काकांनी विचारलेच. त्यांना आम्ही जे सांगितले, तेच इथे जरा विस्ताराने.

एक कारण घरगुतीही आहे. सुट्टीत मंडळाच्या मुलांचा जो संघ आपण उभा करतो, त्यात १४ वर्षांचा एक मुलगा आहे. तो मधल्या फळीत छान खेळतो. पण लेफ्ट बॅकला खेळायला कोणीच तयार नसते, म्हणून त्याला तिथे पाठवले जाते. गोलरक्षक आला नाही की हातमोजेही त्याच्याच हाती येतात. यावरून त्याच्या वडिलांची आणि आमची दोनतीनदा बोलाचाली झाली. त्यांचे म्हणणे असे की, सगळीकडे चालतो म्हणून त्याला कुठेच पक्की जागा मिळत नाही, आणि उद्या निवड समितीसमोर गेला तर तिथे विचारतील, तू नक्की कोण? ही तक्रार खोटी नाही. फुटबॉलमध्ये ‘कुठेही खेळू शकतो’ हे कौतुक अनेकदा राखीव खेळाडूच्या वाट्याला येते. लामची गोष्ट सांगायची ती या तक्रारीला धरूनच सांगायला हवी.

थोडक्यात ओळख

जन्म ११ नोव्हेंबर १९८३, म्युनिक. त्याच शहरातला गेर्न हा भाग, आणि तिथलाच एफटी गेर्न हा छोटा क्लब. वडील तिथे खेळलेले, आई त्याच क्लबात मुलांच्या विभागाची व्यवस्था पाहायची. म्हणजे आपल्याकडच्या गावच्या क्लबासारखेच घरचे वातावरण. अकराव्या वर्षी त्याला बायर्न म्युनिकने घेतले. बायर्नच्या सामन्यांत तो कडेला उभा राहून चेंडू परत फेकणारा पोरगाही होता. उंची १ मीटर ७० सेंटिमीटर, जी जर्मन बचावपटूच्या मानाने फारच कमी. पुढे हिशेब झाला तो असा: बायर्नसाठी ५१७ सामने आणि १६ गोल, जर्मनीसाठी ११३ सामने आणि ५ गोल. बुंडेसलिगाची आठ विजेतेपदे, जर्मन चषक सहा वेळा, २०१३ ची चॅम्पियन्स लीग, आणि कर्णधार म्हणून २०१४ चा विश्वचषक. लाल कार्ड एकही नाही. आयुष्यभर बचावात खेळलेल्या माणसाच्या नावावर एकही लाल कार्ड नसावे, याचे आम्हाला विजेतेपदांपेक्षा जास्त नवल वाटते.

डावीकडे, पण उजव्या पायाचा

बायर्नच्या राखीव संघाचे प्रशिक्षक हर्मन गेरलँड यांना या पोराची गुणवत्ता पहिल्यापासून कळली होती. पण मुख्य संघात जागा नव्हती आणि त्याची उंची पाहून इतर क्लब नको म्हणत होते. शेवटी २००३ मध्ये फेलिक्स मगाथ यांनी त्याला स्टुटगार्टला दोन हंगामांसाठी उसने घेतले. तिथे राइट बॅकची जागा आन्द्रेआस हिंकेलकडे होती, तीही भक्कम. रिकामी होती ती डावी बाजू. लाम उजव्या पायाचा, तरी डावीकडे गेला.

जे खेळलेले आहेत त्यांना यातली अडचण सांगायला नको. डाव्या कडेने धावत जायचे आणि क्रॉस मारायचा तर डावा पाय लागतो. उजव्या पायाचा माणूस तिथे आला की त्याला एकतर थांबून चेंडू वळवावा लागतो किंवा कडा सोडून आत यावे लागते. लामने आत येणे निवडले आणि त्याचीच सवय करून घेतली. समोरचा खेळाडू कडा अडवून उभा राहायचा, हा मधल्या बाजूला निघून जायचा. आता त्याच्यापुढे अख्खे मैदान उघडे, आणि चेंडू चांगल्या पायावर. कोस्टारिकाविरुद्धचा गोल नेमका असाच झाला. अडचणीच्या जागी पाठवलेल्या मुलाने त्या अडचणीतूनच आपली वाट काढली.

१८ फेब्रुवारी २००४ ला क्रोएशियाविरुद्ध तो जर्मनीकडून पहिल्यांदा खेळला आणि त्याच वर्षी युरो स्पर्धेतही दिसला. मग २००५ ने मात्र अंत पाहिला. आधी पायाचे हाड दुखावले, त्यातून उठतो तोच गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. बायर्नला परतल्यावर मैदानात यायला त्याला नोव्हेंबर उजाडला. विश्वचषकाच्या तोंडावर डाव्या कोपराची शस्त्रक्रिया झाली, तो पट्टा त्याचाच. तरी २००६ च्या स्पर्धेत जर्मनीच्या सातही सामन्यांची, जादा वेळ धरून, सगळीच्या सगळी ६९० मिनिटे खेळलेला तो संघातला एकटा खेळाडू. जर्मनी तिसरी आली.

२००८ च्या युरोमध्ये सुरुवातीला तो उजवीकडे होता, मग डावीकडे गेला. तुर्कस्तानविरुद्धचा उपांत्य सामना आमच्यातल्या काहींना तोंडपाठ आहे. ८६ व्या मिनिटाला त्याच्याच बाजूने साब्री आत घुसला, त्याने दिलेल्या चेंडूवर सेमिहने गोल केला आणि सामना २-२ झाला. चूक लामची, यात वाद नाही. चारच मिनिटांनी तो चेंडू घेऊन मध्ये शिरला, हिट्झल्सपर्गरशी देवाणघेवाण केली आणि बॉक्समध्ये पोचून चेंडू वर उचलून जाळ्यात घातला. ३-२. अंतिम सामन्यात पुन्हा उलटे फिरले. ३३ व्या मिनिटाला फर्नांडो टोरेसला त्याने निसटू दिले, त्या एका गोलवर स्पेन जिंकले आणि लाम मध्यंतरानंतर मैदानात आलाच नाही. बचावपटूच्या चुका लोकांना का आठवतात आणि उरलेला दीड तास का आठवत नाही, हे त्या आठवड्यात त्याला कळले असेल.

बायर्नमध्ये २००९ साली लुई व्हॅन गाल आले आणि त्यांनी त्याला उजवीकडे नेले. तिथे पुढे आर्यन रॉबेन होता. रॉबेन डाव्या पायाचा, उजव्या कडेने यायचा आणि आत वळायचा. सगळ्या जगाला ठाऊक होते की तो आत वळणार, तरी तो सापडत नसे. का? कारण त्याच्या पाठून कडेने लाम धावत सुटलेला असायचा. बचावपटूने लामकडे पाहावे तर रॉबेन आत, रॉबेनला धरावे तर लाम पुढे. त्या धावेत लामला चेंडू मिळायचा तो फार तर चारपैकी एकदा. उरलेल्या तीन धावा दुसऱ्याच्या गोलसाठी. टीव्हीवर फटका मारणारा दिसतो, ती धाव दिसत नाही. आम्हालाही ती बरीच वर्षे दिसली नव्हती. आमच्यातल्या एका जुन्या फुलबॅकने एकदा सबंध अर्धा डाव चेंडूकडे न पाहता फक्त लामकडे पाहायला लावले, तेव्हा कळली.

२०११ मध्ये युप हाइंकेस यांच्या काळात तो पुन्हा डावीकडे गेला, २०१२ च्या युरोतही डावीकडेच खेळला, आणि मग क्लबात डेव्हिड अलाबा डाव्या बाजूला रुळल्यावर परत उजवीकडे आला. १९ मे २०१२ ला, स्वतःच्याच शहरात, स्वतःच्याच मैदानावर, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न चेल्सीकडून टायब्रेकरवर हरले. बायर्नची पहिली पेनल्टी कर्णधार लामनेच मारली आणि ती आत गेली होती. वर्षभराने वेम्ब्लीवर डॉर्टमुंडला २-१ हरवून त्याने तोच चषक उचलला. त्या हंगामात लीग, चषक आणि युरोप असे तिन्ही बायर्नने जिंकले. जर्मन क्लबाला ते पहिल्यांदाच जमले होते.

गार्डिओलांचा शोध

इथपर्यंतची लामची कहाणी म्हणजे उत्तम फुलबॅकची कहाणी. २०१३ च्या उन्हाळ्यात पेप गार्डिओला म्युनिकला आले आणि त्यांनी तिशीला टेकलेल्या, जगातल्या सर्वांत चांगल्या राइट बॅकला उचलून मधल्या फळीत, बचावाच्या पुढ्यात उभे केले. आपण शिकवलेल्या खेळाडूंत हा बहुधा सर्वांत हुशार, असेही त्यांनी जाहीरपणे सांगितले. मेस्सी, शावी आणि इनिएस्टा यांना शिकवून आलेला माणूस हे म्हणतो, तेव्हा मान वळवून पाहावे लागते.

ही जागा फुलबॅकहून अगदी वेगळी. कडेला खेळणाऱ्याच्या एका अंगाला रेषा असते, म्हणजे धोका एकाच बाजूने येतो. मध्ये उभ्या असलेल्याला पाठीलाही डोळे हवेत. चेंडू येण्याआधी मान फिरवून कोण कुठे आहे ते पाहून ठेवायचे, चेंडू आला की एका स्पर्शात योग्य माणसाकडे पाठवायचा आणि पुन्हा मोकळ्या जागी सरकायचे. लाम हे पहिल्या दिवसापासून करू शकला, कारण कडेला असतानाही तो हेच करत होता. त्याला वेग होता, पण अफाट नव्हता. उंची नव्हती, ताकद बेताची. त्याच्याकडे होते ते एवढेच की पुढची जागा कुठे रिकामी होणार आहे हे त्याला इतरांपेक्षा एक क्षण आधी कळायचे. डावी, उजवी की मधली हा प्रश्न मग दुय्यम ठरतो. लाल कार्डाचे कोडेही इथेच सुटते. जो वेळेवर पोचतो त्याला पाय घालून माणूस पाडावा लागत नाही.

त्या हंगामात बायर्नने लीग मार्च महिन्यातच जिंकून टाकली. पुढच्या वर्षी वेर्डर ब्रेमेनविरुद्ध त्याने एकाच सामन्यात दोन गोल केले, तेव्हा त्याचे सहकारीच जास्त चकित झाले असतील. पुढेपुढे गार्डिओलांनी असेही केले की चेंडू आपल्याकडे असला की फुलबॅकने मध्ये यायचे आणि गेला की परत कडेला जायचे. म्हणजे एकाच सामन्यात, दर दोन मिनिटांनी, दोन वेगळ्या जागा.

२०१४ : सत्तरावे मिनिट

आता मुद्द्याचा सामना. ब्राझीलमधल्या विश्वचषकाला निघताना जर्मनीचे प्रशिक्षक योआखिम लोव्ह यांच्यापुढे पेच होता. मधल्या फळीतले सामी खेदिरा आणि बास्टियन श्वाइनस्टायगर दोघेही दुखापतीतून उठत होते. लोव्ह यांनी बायर्नचा धडा गिरवला आणि कर्णधार लामला मध्ये खेळवले. बचावात चारही जण मूळचे मधले बचावपटू. पोर्तुगालला ४-० हरवले तेव्हा कोणी काही बोलले नाही. घानाविरुद्ध २-२ झाली, त्यात दुसऱ्या गोलची सुरुवात लामच्याच चुकलेल्या पासवरून झाली. मग जर्मनीत घरोघरी एकच वाद सुरू झाला, लामने कुठे खेळावे? माजी खेळाडू, वर्तमानपत्रे, सगळे सांगत होते की त्याला बॅकला पाठवा. लोव्ह ऐकेनात. मधली जागा लामलाही आवडत होती.

३० जून, पोर्तो अलेग्रे, समोर अल्जीरिया. आपल्याकडे तेव्हा पहाटेचा दीड. बाद फेरीचा सामना, आणि जर्मनीच्या बचावामागून अल्जीरियाचे खेळाडू पुन्हा पुन्हा पळत होते. गोलरक्षक नॉयर बॉक्सबाहेर येऊन येऊन चेंडू अडवत होता. गोल कोणाचाच नाही. ७० व्या मिनिटाला राइट बॅकला खेळणारा मुस्ताफी जखमी झाला. लोव्ह यांनी खेदिराला मध्ये आणले आणि लाम उजव्या कडेला गेला. जागा बदलली तेव्हा त्याने ना हात उडवले, ना बाकाकडे पाहिले. खेळ पुन्हा सुरू होईतो तो तिथे जाऊन उभा होता, जणू सकाळपासून तिथेच आहे. जादा वेळेत जर्मनी २-१ जिंकली.

फ्रान्सविरुद्धच्या पुढच्या सामन्यात तो सुरुवातीपासून राइट बॅक होता. जर्मनी १-० जिंकली. मग ८ जुलै, ब्राझील, ७-१. त्या सामन्यातले सात गोल सगळ्यांना आठवतात. आम्हाला त्याआधीचा एक क्षण आठवतो. आघाडी १-० असताना मार्सेलो जर्मनीच्या बॉक्समध्ये घुसला आणि लामने घसरत येऊन फक्त चेंडू काढून घेतला. इंचभर चुकला असता तर पेनल्टी, १-१, आणि ते मैदान पेटले असते. ब्राझीलवाल्या आमच्या मित्रांना ही गोष्ट अजून पटत नाही, आणि त्यांची समजूत घालण्याची ही जागाही नव्हे. तिसरा गोल क्रूसने केला तो लामने उजवीकडून दिलेल्या चेंडूवर, आणि सहावा शुर्लेने केला तोही लामच्याच पासवर.

१३ जुलैच्या अंतिम सामन्यात सगळ्यांत बोलकी गोष्ट सामन्याआधीच घडली. सरावातच खेदिरा दुखावला. मधली फळी पुन्हा उघडी पडली. दोन आठवड्यांपूर्वी लोव्ह यांनी डोळे झाकून लामला मध्ये आणले असते. आता त्यांनी नवख्या क्रामरला खेळवले, तो डोक्याला मार लागून बाहेर गेल्यावर शुर्लेला घेतले, पण लामला उजव्या कडेवरून हलवले नाही. ११३ व्या मिनिटाला ग्योट्झेने गोल केला. आमच्याकडे पहाटेचे तीन वाजत होते, बाहेर पाऊस कोसळत होता, घरचे झोपलेले, आणि आम्ही तोंडावर उशी धरून ओरडलो.

त्या मुलाच्या वडिलांना आम्ही हेच सांगतो. लामला त्याची आवडती जागा सोडावी लागली, हे खरे. पण तो सगळीकडे चालतो म्हणून त्याला राखीव कोणी ठरवले नाही. उलट त्याला कुठे खेळवायचे हे आधी ठरे आणि मग बाकीचा संघ त्याच्याभोवती मांडला जाई. फरक कशाने पडतो? आम्हाला वाटते, दोन गोष्टींनी. एक, तो ज्या जागी जाई तिथल्या पक्क्या खेळाडूपेक्षा बरा खेळे. दुसरी गोष्ट आमच्या बाजूची आहे. त्याला हलवताना प्रशिक्षकांकडे कारण असे, आणि ते त्याला ठाऊक असे. आमच्या संघात आम्ही त्या मुलाला नुसते ‘जा रे तिकडे’ म्हणत आलो. वडिलांचा राग त्याचा होता, हे कळायला आम्हाला वेळ लागला.

गरीब गाय नव्हे

एवढे वाचून लाम म्हणजे पडेल ते काम मुकाट करणारा गुणी बाळ, असा समज होईल. तसे मुळीच नाही. २००९ मध्ये एका मोठ्या जर्मन दैनिकाला मुलाखत देऊन त्याने बायर्नच्या खेळाडू विकत घेण्याच्या धोरणावर उघड टीका केली. क्लबने त्याला जबर दंड केला. २०१० च्या विश्वचषकाआधी मायकेल बालाक जखमी झाला म्हणून कर्णधारपद लामकडे आले. स्पर्धा चालू असतानाच त्याने सांगून टाकले की ही पट्टी आता आपणहून परत करायची आपली इच्छा नाही. बालाकच्या चाहत्यांना ते फार लागले. आम्हालाही तेव्हा रुचले नव्हते, अजूनही पुरते रुचत नाही. २०११ च्या आत्मचरित्रात त्याने क्लिन्समान यांच्यासारख्या माजी प्रशिक्षकांच्या पद्धतींचे वाभाडे काढले, त्यावरूनही गदारोळ झाला. मैदानावर सांगाल ती जागा घेणारा हा माणूस मैदानाबाहेर स्वतःची जागा कोणालाही ठरवू देत नसे.

थांबणेही त्याने असेच ठरवले. विश्वचषक उचलल्यावर पाचव्या दिवशी, १८ जुलै २०१४ ला, वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती जाहीर केली. आणखी एक युरो आणि एक विश्वचषक तो सहज खेळला असता. त्याच नोव्हेंबरात सरावात घोट्याचे हाड मोडले, काही महिने गेले. २०१७ च्या फेब्रुवारीत, वुल्फ्सबर्गविरुद्धच्या चषक सामन्यानंतर, त्याने सांगितले की हा हंगाम शेवटचा. करार २०१८ पर्यंत होता. क्लबात क्रीडा संचालकाचे पद मिळण्याची चर्चा होती, तेही त्याने नाकारले. २० मे रोजी फ्रायबुर्गविरुद्ध बायर्न ४-१ जिंकले, लाम शेवटच्या काही मिनिटांसाठी बाहेर आला, त्याच्याआधी शाबी अलोन्सो. दोघांचाही तो शेवटचा सामना. दुसऱ्या दिवशी उगाच रिकामे रिकामे वाटत होते, हे कबूल करायला हरकत नाही.

गंमत पुढेच आहे. जर्मनीत दरवर्षी क्रीडा पत्रकार वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडतात. एवढ्या वर्षांत, २०१३ किंवा २०१४ सालीही, तो मान लामला मिळाला नव्हता. २०१७ च्या उन्हाळ्यात मिळाला, बूट टांगून झाल्यावर.

कोणाला पाहायचे असेल तर

मुलांना दाखवण्यासाठी सामने हवेत, असे काही पालकांनी विचारले आहे. २००६ चा कोस्टारिका सामना पहिल्या दहा मिनिटांसाठी पाहावा. २०१३ च्या वसंतातला बायर्नचा कोणताही सामना घ्या आणि रॉबेनकडे चेंडू आला की त्याच्या पाठी पाहा. २०१४ चा अल्जीरिया सामना साठाव्या मिनिटापासून लावा, म्हणजे लाम आधी मध्ये काय करत होता आणि मग कडेला काय करू लागला हे एकाच बैठकीत दिसेल. लेफ्ट बॅकच्या त्या मुलाने हा सामना आमच्याकडून नेला आहे. परत दिलेला नाही. बायर्नच्या २०१७ च्या संघात जोशुआ किमिश नावाचा पोरगा होता. तोही मूळचा मधल्या फळीतला, तेव्हा लामच्या राइट बॅकच्या जागी खेळत होता. त्याच्यावरही नजर टाकावी.

एक सामना मात्र पाहू नये. २८ एप्रिल २०१५, जर्मन चषकाचा उपांत्य सामना, डॉर्टमुंडविरुद्ध टायब्रेकर. पहिली पेनल्टी मारताना लामचा पाय घसरला आणि चेंडू आकाशात गेला. पाठोपाठ अलोन्सो आला, तोही तिथेच घसरला.